दिवाळीला दिसणारा तुरा श्रावणातच ठरतो

दिवाळीच्या आगेमागे कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे किंवा शिरोळच्या बाजूला निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाच्या फडांवर रुपेरी तुरे, म्हणजे उसाचे फुलोरे, डोलताना दिसतात. बाहेरगावचा पाहुणा गाडी थांबवून फोटो काढतो. ज्याचा फड आहे तो मात्र ऊसतोडणीची टोळी कधी येणार याची चौकशी सुरू करतो, कारण तुरा आलेल्या उसाची वाढ तिथेच थांबलेली असते.

असा एखादा ऊस तोडून उभा चिरून पाहण्यासारखा असतो. एरवी शेंड्याला पानांच्या गाभ्यात एक कोवळा कोंब असतो. तो एकामागून एक पान आणि कांडं घडवत राहतो, आणि उसाची उंची त्यातून येते. तुरा आलेल्या उसात तो कोंबच उरत नाही. त्याचाच तुरा झालेला असतो. शेवटचं पान आखूड राहतं, त्यामुळे वैरणीला वाढंही चांगलं मिळत नाही. तुऱ्याखालच्या कांड्यांत मधोमध कापसासारखी पांढरी, कोरडी रेघ दिसू लागते. यालाच शेतकरी दशी पडणं म्हणतात. शेंड्याचा वचक गेल्यामुळे बाजूचे डोळेही जागे होतात आणि पांगशा फुटतात.

साखर मात्र लगेच उतरत नाही. वाढीवरचा खर्च थांबल्याने सुरुवातीचे काही आठवडे ती थोडी वाढतेसुद्धा. घसरण त्यानंतर सुरू होते. साठवलेली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, ऊस पोकळ आणि हलका होतो, कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो. गुऱ्हाळावर तर हे उघड दिसतं: फुटलेली साखर हवेतली ओल ओढते आणि गुळाचा रवा घट्ट बसत नाही. म्हणून तुरा दिसल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांत तोड व्हावी, असा सल्ला असतो.

पण तुरा दिसतो तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. तो होतो श्रावणाच्या सुमाराला. कोल्हापुरात २१ जूनला दिवस सुमारे १३ तास ७ मिनिटांचा असतो. तिथून तो आखडू लागतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पावणेतेरा तासांवर येतो आणि महिनाअखेरीस साडेबारा तासांवर. रोजचा फरक मिनिटभराचाही नाही, पण ऊस तो ओळखतो. याच पट्ट्यातला, हळूहळू लहान होत जाणारा दिवस उसाला तुऱ्याची सूचना देतो. सोबत हवा दमट, जमिनीत भरपूर ओल, रात्रीचं तापमान वीस अंशांच्या आसपास आणि दिवसाचं बत्तीस अंशांच्या खाली हवं. आता कोल्हापूरचा ऑगस्ट आठवा: ढगाळ, ओला, ना कडक ऊन ना थंडी. उसाला तुरा यावा म्हणून मुद्दाम हवामान बनवायचं ठरवलं, तरी याहून वेगळं काही करावं लागणार नाही.

दिवसाच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं. पुढे कळलं की अशा वनस्पती खरं तर रात्र मोजतात. उसावर तो प्रयोग फार बोलका ठरला: योग्य दिवसांत मध्यरात्री थोडा वेळ उजेड पाडला, तर तुरा येत नाही. मोजणारे असतात पानांतले फायटोक्रोम नावाचे रेणू. पान मग एक प्रथिन तयार करतं, ते रसवाहिन्यांतून शेंड्याला पोचतं आणि कोंबाचं काम बदलतं. असा संदेश पानातून निघत असावा, असं सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडलं होतं. ते प्रथिन हाती लागायला २००७ उजाडलं.

कांद्याला डेंगळे येतात तेव्हाही शेंडा असाच फुलोऱ्याकडे वळतो, फक्त तिथे इशारा थंडीचा असतो. थंड देशांतल्या साखर बीटची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. २०१० मध्ये संशोधकांना बीटमध्ये या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रती सापडल्या: एक फुलोरा आणते, दुसरी तो रोखून धरते. थंडी सोसली की दुसरी गप्प होते. बीट पहिल्या वर्षी साखर साठवत राहतो तो या दुसरीमुळे.

कोवळ्या उसावर मात्र सूचनेचा परिणाम होत नाही. तीन-चार कांडी सुटलेली असावी लागतात. म्हणून जुलैत लावलेला आडसाली ऊस पहिला श्रावण बिनघोर काढतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला ‘सुरू’ हंगामाचा ऊस त्याच श्रावणात सापडू शकतो.

उपाय? हवाई बेटांवर त्या दिवसांत पाणी तोडून तुरा कमी करत. कोल्हापूरच्या ऑगस्टमध्ये पाणी कोण तोडणार? इथेफॉन या वाढ-नियंत्रक रसायनाची फवारणी काम करते, पण ती सूचना मिळण्याच्या काळातच व्हायला हवी, आणि तेव्हा फडात शिरणंही अवघड असतं. माझ्या मते शेतकऱ्याच्या हातात खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे जातीची निवड. कुठल्या जातीला तुरा लवकर आणि भरपूर येतो, कुठलीला उशिरा किंवा तुरळक, हे लागणीआधी विचारून घ्यावं.

या जाती मात्र तुऱ्यातूनच येतात. आपण कांडी लावतो, म्हणजे एकाच झाडाची पुन्हा पुन्हा नक्कल करतो. नवा गुण हवा तर तुऱ्यातलं बी लागतं, आणि ते धुळीइतकं बारीक असतं. तिथे उसाला तुरा येऊन बी धरतं म्हणूनच १९१२ साली ऊस पैदास केंद्रासाठी कोइमतूर निवडलं गेलं. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड ऊस आणि त्याचं रानटी भाऊबंद गवत यांचा संकर करून को २०५ ही जात काढली. ती १९१८ मध्ये शेतात आली. आपल्या जवळच, आजऱ्यापलीकडे आंबोलीत, वसंतदादा साखर संस्थेचं ऊस प्रजनन केंद्र आहे. अशा केंद्रांत तुरा यावा म्हणून जपणूक होते, आणि त्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून निवड करताना, तुरा कमी येतो का, हेही तपासलं जातं. तसं रोप सापडलं तर शेतकऱ्याचा फायदा होतो, पण पुढच्या संकरासाठी ते आई-बाप म्हणून वापरणं पैदासकाराला तितकंच अवघड जातं.