समकालिक भाषांतर : परिषदांसाठी दुभाष्यांची नेमणूक

वक्ता बोलत असतानाच, दोन-चार सेकंद मागे राहून, त्याचे म्हणणे दुसऱ्या भाषेत बोलत जाणे म्हणजे समकालिक भाषांतर. व्यवहारात याला ‘सायमल्टेनियस’ म्हणतात. दुभाषा ध्वनिरोधक बूथमध्ये बसतो, हेडफोनवर सभागृहातला आवाज ऐकतो आणि माइकवर बोलतो. श्रोता रिसीव्हरवर आपल्या भाषेचे चॅनेल लावून ऐकतो. याहून जुनी पद्धत क्रमिक भाषांतराची. तीत वक्ता दोन-तीन मिनिटे बोलून थांबतो आणि मग दुभाषा बोलतो. कारखान्यातील पाहणीला किंवा पत्रकार परिषदेला ती पुरते, पण कार्यक्रमाचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो आणि तिसरी भाषा आली की ती कोलमडते.

समकालिक पद्धतीचा पहिला मोठा कस २० नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी नेत्यांवर सुरू झालेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात लागला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत कामकाज चाले. यंत्रणा आयबीएमची होती. वक्ता फार वेगाने बोलू लागला की पिवळा दिवा लागे, थांबवायचे असेल तर लाल. आजच्या परिषदांत हे दिवे नसतात आणि त्यांची उणीव रोज भासते. भारतात लोकसभेत हिंदी-इंग्रजी समकालिक भाषांतर १९६४ साली सुरू झाले. आता तेथे मराठीसह इतर भारतीय भाषांचीही सोय आहे.

किती दुभाषे

‘एक चांगला दुभाषा हवा’ अशी मागणी आयोजकाकडून येते, तिथेच पहिली चूक होते. बूथमधला माणूस ऐकणे, समजणे, बोलणे आणि स्वतःचे बोलणे तपासणे ही कामे एकाच वेळी करतो. अर्ध्या तासानंतर त्याच्याकडून वाक्ये गळू लागतात आणि ते त्याच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक बूथमागे किमान दोघे असतात आणि दर वीस ते तीस मिनिटांनी माइक बदलतो. संयुक्त राष्ट्रांत अरबी आणि चिनी बूथमध्ये तिघे बसतात, कारण त्यांना आपल्या भाषेतून परक्या भाषेतही बोलावे लागते. मराठी-इंग्रजी बूथमध्ये दोन्ही दिशांचे काम त्याच जोडीवर पडते. त्यामुळे दिवस लांब आणि विषय जड असेल, तर तिसरा माणूस मागण्यात उधळपट्टी नाही.

माइक बंद असलेला जोडीदार रिकामा बसलेला नसतो. तो आकडे आणि नावे कागदावर लिहून पुढे सरकवतो. आकड्यांचा त्रास मराठी बूथमध्ये दुहेरी आहे. ‘फॉर्टी-सेव्हन’मध्ये चार आधी ऐकू येतो, ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी बोलावा लागतो. उलट दिशेने ‘एकोणसाठ’ ऐकल्यावर मनात वजाबाकी करावी लागते. त्यात ४७.५ बिलियनचे ४,७५० कोटी करायचे असतात, तेही पुढचे वाक्य कानावर पडत असताना. ताळेबंदाचा तक्ता आधी हाती असेल तर यातली निम्मी झटापट वाचते.

दुसरी अडचण क्रियापदाची, मराठीत ते वाक्याच्या शेवटी येते. ‘या दुरुस्तीला आमच्या संघटनेचा, मागच्या बैठकीतल्या तीनही अटी मान्य झाल्या तर...’ इथपर्यंत पाठिंबा की विरोध हेच कळत नाही, आणि इंग्रजीला तर ते सुरुवातीलाच हवे असते. मुरलेला दुभाषा अटी आधी सांगून टाकतो आणि निकाल शेवटाला ठेवतो. नवखा अंदाजाने ‘पाठिंबा’ म्हणून मोकळा होतो आणि मग फसतो.

भाषांची जोडी दुर्मीळ असेल तर ‘रिले’ घेतात. पुण्यात जपानी जाणणारे पुष्कळ आहेत, पण बूथमध्ये जपानीचे थेट मराठी करणारे क्वचितच मिळतात. मग जपानी बूथ इंग्रजी करतो आणि मराठी बूथ ती इंग्रजी ऐकून मराठी करतो. दोन्ही टोकांच्या भाषांत क्रियापद शेवटी येते, तरी वाट मात्र इंग्रजीच्या वळणाने जाते. उशीर दुप्पट होतो, आणि पहिल्या बूथची चूक दुसरा इमानाने पुढे पोचवतो. रिले देणारी जोडी सगळ्यांत अनुभवी असावी.

लेखी भाषांतर उत्तम करणारा माणूस बूथमध्ये चालेलच असे नाही. भाषेच्या वर्गातले विद्यार्थी प्रदर्शनातल्या स्टॉलवर चांगले काम करतात, पण त्यांना बूथमध्ये बसवणे त्यांच्यावरही अन्याय आहे. निवडताना पूर्वीच्या कामाचे ध्वनिमुद्रण मागावे आणि तुम्हाला हवी त्याच दिशेचे मागावे. इंग्रजीतून मराठी सफाईने करणारा उलट दिशेला अडखळू शकतो.

बूथ आणि आवाज

हलवता येणाऱ्या बूथचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४०४३ आहे. दोघांसाठी बूथ आतून किमान १.६० मीटर रुंद, १.६० मीटर खोल आणि २ मीटर उंच हवा. पुढे आणि बाजूंना काच, हवा खेळवणारा पण आवाज न करणारा पंखा, आणि व्यासपीठ व पडदा दोन्ही स्पष्ट दिसतील अशी जागा लागते. मंडपवाले बूथ हमखास खांबामागे किंवा जेवणाच्या दाराशी लावतात. टेबलावर ठेवायचा तीन बाजूंनी बंद डबा स्वस्त पडतो, पण शेवटच्या रांगेतल्यांना एकाच वेळी दोन भाषा ऐकाव्या लागतात. उभारणी आदल्या रात्रीच व्हावी.

बूथपेक्षा मोठी गोष्ट आवाजाची जोडणी. सगळे माइक ज्याला जोडलेले असतात त्या मिक्सरमधून दुभाष्याला थेट लाइन हवी. सभागृहातल्या स्पीकरचा घुमणारा आवाज ऐकून काम होत नाही. साउंडवाला आणि भाषांतर यंत्रणेचा तंत्रज्ञ वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि मधली केबल कोणी आणायची यावर सकाळी आठला वाद होतो. ती कोण आणणार हे करारातच लिहावे. चित्रफितीचा आवाज लॅपटॉपमधून मिक्सरला जोडलेला आहे का, हे दुभाष्यांना बूथमध्ये बसवून तपासावे. ही चाचणी सुरुवातीच्या निदान अर्धा तास आधी व्हावी.

प्रश्नोत्तरांत कोणीतरी उठतो आणि म्हणतो, ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको.’ सभागृह हसते. बूथमध्ये काहीच पोचलेले नसते आणि पन्नास हेडफोन गप्प होतात. सूत्रसंचालकाने माइक हातात दिल्याशिवाय प्रश्न घेऊ नये. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनाही रिसीव्हर द्यायचे असतात. हे इतक्या वेळा विसरले जाते, की पहिला प्रश्न आल्यावर स्वयंसेवकाची धावपळ हा जणू कार्यक्रमाचाच भाग झाला आहे.

बूथमधला आवाज रिसीव्हरपर्यंत पोचवणाऱ्या इन्फ्रारेड यंत्रणेचे संकेत भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून गोपनीय बैठकीला ती बरी. मात्र उघड्या मंडपात ऊन थेट पडले की आवाज तुटतो, तिथे रेडिओ यंत्रणा लागते. गाइड फिरताना वापरतात तो छोटा संच दहा-पंधरा जणांच्या पाहणीपुरता ठीक. त्यावर दिवसभराची परिषद काढली, तर बूथ नसल्यामुळे सभागृहभर कुजबुज चालू राहते.

साहित्य आणि करार

स्लाइड, भाषणांचे मसुदे, वक्त्यांची नावे उच्चारांसह आणि लघुरूपांची यादी आठवडाभर आधी दुभाष्यांना मिळावी. ‘वक्त्याने अजून दिलेले नाही’ हे कारण असेल, तर मागच्या वर्षीचे तरी द्यावे. बोलताना मिनिटाला १००-१२० शब्द झेपतात. वाचून दाखवलेले भाषण त्याच्या पुष्कळ पुढे धावते, म्हणून त्याची प्रत बूथमध्ये हवीच. श्रोते कोण आहेत हेही सांगावे. शेतकऱ्यांपुढे ‘सूक्ष्म सिंचन’ न म्हणता ‘ठिबक’ म्हणायचे, की सचिवालयाची मराठी बोलायची, हे दुभाषा त्यावरून ठरवतो.

मानधन माणशी आणि दिवसावारी ठरते. अर्धा दिवस असला तरी बहुतेक जण पूर्ण दिवस धरतात, कारण त्या दिवशी दुसरे काम घेता येत नाही. प्रवास, मुक्काम, कार्यक्रम रद्द झाल्यास काय, आणि भाषांतराचे ध्वनिमुद्रण किंवा थेट प्रक्षेपण होणार का, हे लेखी असावे. प्रक्षेपणाचे पैसे वेगळे लागू शकतात. एजन्सीने एकच ठोक रक्कम सांगितली तर त्यात बूथमागे माणसे किती, हे आधी विचारावे. सर्वांत स्वस्त दरपत्रकात बहुधा एकच माणूस लपलेला असतो.

ऑनलाइन बैठकीत बूथ जातो, पण जोडीची गरज जात नाही. दुभाष्याकडे तारेचा हेडसेट आणि केबलचे इंटरनेट हवे. जोडीदाराशी बोलायला वेगळी खिडकी किंवा फोन लागतो. झूममध्ये भाषांतराची सोय खात्यात आधी सुरू करून ठेवावी लागते. बैठक सुरू झाल्यावर ती शोधत बसले की पहिले भाषण हातचे जाते.

रिसीव्हर गरजेपेक्षा दहा टक्के जादा मागवावेत. दारावरचा काउंटर ओळखपत्र ठेवून घेऊन रिसीव्हर देतो, कारण हरवलेल्या रिसीव्हरची भरपाई आयोजकाच्या बिलात येते. जेवणाच्या सुट्टीत बरेच संच खिशातून बाहेर जातात. त्यामुळे काउंटरवरचा माणूस कार्यक्रम संपायच्या दहा मिनिटे आधीच दाराशी उभा असावा.