समुद्राची आंदोलने आणि ‘थांबलेली’ तापवाढ : पार्श्वभूमी

नवतप्यात पारावर उन्हाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, “हे चक्र आहे बाप्पा, पहिलेबी असंच तपत होतं.” त्यात तथ्य आहे. घोटाळा ‘चक्र’ या शब्दात आहे. चक्र म्हटले की पोळ्यासारखे ठरल्या तिथीला येणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते. एल निनो, म्हणजे मध्य-पूर्व पॅसिफिकचे पाणी तापून जगाचा पाराही वर नेणारी अवस्था, मात्र कधी दोन वर्षांनी उगवतो, कधी सात. त्याहून लांब पल्ल्याच्या आंदोलनांना, म्हणजे समुद्राच्या तापण्या-निवण्याच्या हेलकाव्यांना, तर एवढीही शिस्त नाही.

वऱ्हाडाला 1899-1900 चा दुष्काळ पडला तो एल निनोच्याच काळात, पण तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते. भारताच्या हवामान खात्याच्या एका इंग्रज प्रमुखाने मान्सूनचा अंदाज शोधता शोधता 1920 च्या दशकात पॅसिफिकच्या दोन टोकांमधला हवेच्या दाबाचा झोका ओळखला. त्याची समुद्राशी, म्हणजे एल निनोशी, गाठ 1960 च्या दशकात बसली. उत्तर पॅसिफिकचे दशकांचे आंदोलन म्हणजे पीडीओ (पॅसिफिक डेकेडल ऑसिलेशन), त्याला नाव मिळाले 1990 च्या दशकात, आणि तेही मासेमारीच्या नोंदींमुळे: अलास्कात सॅल्मन भरपूर सापडे तेव्हा दक्षिणेकडे तो रोडावे. 1925 ते 46 उष्ण, 1947 ते 76 थंड, 1977 ते 98 पुन्हा उष्ण, असे त्याचे टप्पे मानले गेले. जगाच्या तापमानाचा आलेखही साधारण त्याच ठिकाणी वाकतो. ‘सगळी तापवाढ चक्रामुळेच’ हा दावा उभा राहिला तो या जुळणीवर.

1998 च्या जबर एल निनोनंतर तापमानाची चढण सौम्य झाली. 2013 च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने 1998 ते 2012 चा वेग दशकाला 0.05 अंश दाखवला, तर 1951 पासूनचा 0.12. त्याला ‘विराम’ म्हटले गेले, आणि हा शब्द फार महागात पडला. ज्या साली एकरी विक्रमी कापूस झाला तिथून हिशेब मांडला, तर पुढची सगळी साले पडतीचीच दिसणार. शिवाय उष्णता कुठे गेली हेही हळूहळू कळले. पॅसिफिकवरचे व्यापारी वारे जोरावले, त्यांनी पश्चिमेकडे ऊन पाणी खाली दाबले आणि पूर्वेला गार पाणी वर आणले. पृष्ठभाग निवला, खोल समुद्र तापतच राहिला. (याच ‘विरामा’त 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता. एका गावाच्या एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, पण हा शब्द आमच्या घशाखाली का उतरला नाही, ते कळेल.)

खरा वाद पेटला 2015 मध्ये, आणि तो होता पाणी मोजण्याचा. पूर्वी जहाजावरून बादली टाकून पाणी वर ओढत आणि त्यात तापमापी बुडवत. कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वाऱ्यावर निवते. कूलरच्या ओल्या ताट्यांमागे झोपणाऱ्याला याचे कारण सांगायला नको. नंतर इंजिनसाठी आत ओढलेले पाणी मोजू लागले, ते किंचित ऊन भरते. 1945 मध्ये समुद्र एकदम गार झाल्यासारखा दिसतो, त्यातला मोठा भाग युद्ध संपल्यावर नोंदी अमेरिकी इंजिनांकडून ब्रिटिश बादल्यांकडे वळल्याचा आहे, हे 2008 मध्ये उमगले. पुढे तरंगते बोये आले. त्यांचे आकडे जहाजांपेक्षा सुमारे 0.12 अंशाने कमी. बोये वाढत गेले तसा समुद्र कागदावर निवत गेला.

2015 मध्ये एका अमेरिकी सरकारी संस्थेने हा फरक बोयांच्या आकड्यांत मिळवून भरून काढला आणि विराम जवळजवळ पुसला गेला. चांगले यंत्र सोडून वाईट यंत्राशी मेळ का घातला, अशी ओरड झाली. पण दोन काट्यांत ठरावीक फरक असेल, तर पहिल्यात मिळवा की दुसऱ्यातून वजा करा, माल किती वाढला ते तेवढेच निघते. तिथल्या लोकप्रतिनिधींनी शास्त्रज्ञांची ईमेल मागवली. 2017 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी नुसते बोये, नुसते उपग्रह, नुसती डुबकी मारणारी यंत्रे अशी वेगवेगळी पडताळणी केली, दुरुस्ती टिकली. एक गोष्ट या गदारोळात कोणी फारशी सांगितली नाही: बादल्यांच्या दुरुस्तीने जुने आकडे वर जातात, त्यामुळे सगळ्या दुरुस्त्या मिळून शतकभराची तापवाढ कच्च्या नोंदींपेक्षा कमीच भरते. आकडे फुगवायचे असते तर हा उलटा उद्योग कोणी केला असता? तरीही वेग काही काळ मंदावला होता, असे म्हणणारे नामांकित शास्त्रज्ञ 2016 मध्येही होते, आणि ते मला पटते. ‘मंदावली’ म्हटले असते तर निम्मे भांडण झालेच नसते.

पुढे 2015-16 चा एल निनो आला, आणि 2020 ते 23 सलग तीन हिवाळे ला निना, म्हणजे एल निनोची उलट, थंड बाजू. थंडाव्याच्या त्या काळातले 2022 हे वर्षसुद्धा 1998 पेक्षा उष्ण ठरले. 2023 आणि 2024 चे विक्रम तर पीडीओ थंड बाजूला असताना झाले. अटलांटिकच्या साठ-सत्तर वर्षांच्या आंदोलनाचे नाव रूढ करणाऱ्यांतल्याच एकाने 2021 मध्ये ते आंदोलन मुळात नाहीच, ज्वालामुखी आणि धुराड्यांच्या धुराचा तो ठसा आहे, असे मांडले. हे सगळ्यांना मान्य नाही.

पावसाचे गणित आणखी वेगळे. एल निनोत आपल्याकडे पाऊस सहसा कमी होतो, पण दरवेळी नाही. 1997 च्या प्रचंड एल निनोत देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला, आणि 2009 च्या त्याहून सौम्य एल निनोत 78 टक्के.