गरम पाण्यासाठी सोलर की हीट पंप? आधी तुमचं पाणी आणि तुमची गच्ची बघू

नागपुरात खोल्या तापवायची यंत्रणा सहसा कुणाला लागत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, त्या दिवशीही रजईने भागलं. रोज लागतं ते अंघोळीचं गरम पाणी, आणि घरातली बरीच वीज तिथेच जाते. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला गिझर किमान साडेचार युनिट खातो. आपली वीज अजून बहुतांशी कोळशाची आहे. एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो, म्हणजे चौघांच्या अंघोळीला रोज दोन किलोच्या वर.

ऊन असलं की सोलर वॉटर हीटरला ही वीज लागतच नाही. ढगाळ दिवसांपुरती आत विजेची कॉइल असते. पण आमच्या दुकानात येणारे बहुतेकजण पहिला प्रश्न किमतीचा विचारतात. आमचा पहिला प्रश्न असतो, पाणी नळाचं की बोअरचं?

दुकानात आम्ही मानेवाड्याच्या एका घरातून काढलेली कॉइल ठेवली आहे. बोटाएवढ्या कॉइलवर मनगटाएवढा पांढरा थर आहे. बोअरचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी हे करतं. घरी डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, तर काचेखाली तांब्याच्या बारीक नळ्या असलेलं साधं सपाट सोलर, म्हणजे फ्लॅट प्लेट, घेऊ नका. क्षार बसून त्या आतून बुजतात. काचेच्या नळ्यांचं सोलर घ्या. तिथेही थर बसतो, पण नळी काढून धुता येते. फ्लॅट प्लेटच हवं असेल तर हीट एक्स्चेंजरवालं घ्या, त्यात तुमचं पाणी त्या बारीक नळ्यांतून जात नाही.

मग गच्ची. २२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच वर असतो. चार फुटांच्या कठड्याची सावली चार फूट पडते, सकाळी नऊला त्याच्या दुप्पट. महाल-इतवारीच्या दाट वस्तीत शेजारच्या उंच घराची सावली दुपारपर्यंत हटत नाही. अशा ठिकाणी आम्ही सोलर विकत नाही.

तिथे, किंवा गच्चीवर हक्क नसलेल्या फ्लॅटमध्ये, हीट पंप बरा. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. त्याच १०० लिटरला दीड युनिटच्या आसपास पुरतं. गिझरपेक्षा महाग पडतो, आणि एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा आवाज करतो. झोपायच्या खोलीला लागून बसवू नका.

पाइपकडे लक्ष द्या. पाऊण इंची लाईन ५० फूट असेल तर रोज साडेचार लिटरच्या आसपास गार पाणी वाहून गेल्यावर गरम येतं. टाकी न्हाणीघराच्या शक्य तितकी जवळ ठेवा, लाईन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) घाला आणि तिला फोम गुंडाळा.

उन्हाळ्यात टाकी रिकामी पडली तर दुपारी पाणी सोडू नका. तापलेल्या नळीत गार पाणी गेलं की काच तडकते. सूर्य मावळून नळ्या निवल्या की मगच भरा. मे महिन्यात अर्ध्या नळ्यांवर जुनी चादर बांधली तरी पाणी भरपूर तापतं.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान छतावरच्या वीज पॅनेलला आहे, वॉटर हीटरला नाही. कुणी ते जोडून भाव सांगत असेल तर लेखी मागा.

आणि एक कळकळीची विनंती. थंडीत दारं लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

दुकानात येताना बाटलीभर पाणी आणि सकाळी नऊला काढलेला गच्चीचा फोटो घेऊन या.