पुनर्वसन समुपदेशक की जॉब कोच: तुम्हाला नेमकं कोण हवंय?

दिव्यांग माणसाला नोकरीसाठी मदत करणारं कुणी म्हटलं, की बहुतेकांना एकच व्यक्ती दिसते. तीच अर्ज भरून देणार, तीच मालकाशी बोलणार, पहिल्या दिवशी सोबतही तीच जाणार. खरं तर यात दोन वेगळे पेशे आहेत: व्यावसायिक पुनर्वसन समुपदेशक आणि जॉब कोच. दोघं पुष्कळदा एकाच संस्थेत बसतात आणि एकाच माणसासाठी राबतात, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण एकाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा धरली, की महिने वाया जातात आणि शेवटी खापर फुटतं ते नोकरी शोधणाऱ्यावर: ‘त्यालाच जमलं नाही.’

समुपदेशकाचं काम नोकरीच्या बरंच आधी सुरू होतं. समजा, वीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलेल्या माणसाचा उजवा हात अपघातात निकामी झाला. घरचे म्हणतात, बसून करता येईल असं काहीतरी बघा. समुपदेशक तिथून सुरुवात करत नाही. तो विचारतो, ड्रॉइंग वाचायला जमतं का? किती वायर लागेल याचा अंदाज कोण काढायचं? हाताखाली किती जण असायचे? दुसऱ्याच्या कामातली चूक कोण पकडायचं? तासाभराने कागदावर जे उतरतं, त्यात पाना-पक्कड थोडी आणि डोक्याचं काम जास्त असतं. मालाचा अंदाज काढणं, माणसं सांभाळणं, दोष हुडकणं, सुरक्षेचे नियम पाळून घेणं, यातलं काहीच हाताबरोबर गेलेलं नाही. मग एस्टिमेटर, स्टोअरची जबाबदारी, सुरक्षा तपासणी, शिकाऊ मुलांना शिकवणं असे रस्ते दिसू लागतात.

वैद्यकीय प्रमाणपत्रावरचा अपंगत्वाचा टक्का समुपदेशकाला फारसा उपयोगी पडत नाही. सलग किती वेळ उभं राहता येतं, औषधामुळे सकाळी गुंगी असते का, वेदना दिवसाच्या कुठल्या वेळी वाढतात, हे त्याला कळायला हवं असतं. पगार सुरू झाल्यावर मिळत असलेली सरकारी मदत बंद होईल का, हा हिशोबही तोच मांडून दाखवतो. आणि सगळ्यात नाजूक प्रश्न म्हणजे अपंगत्व दिसत नसेल तर मालकाला सांगायचं का, कधी आणि किती? समुपदेशक प्रत्येक वाटेचे फायदे-तोटे समोर ठेवतो, पण ठरवायचं त्या माणसानेच.

हा पेशा जुना आहे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सुरू झालेली व्यवस्था 1920 च्या कायद्याने सामान्य नागरिकांपर्यंत आली. तिथे या समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारं मंडळ 1974 पासून आहे, आणि त्या प्रमाणपत्रासाठी साधारणपणे पदव्युत्तर शिक्षण लागतं. 1983 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दिव्यांगांचं व्यावसायिक पुनर्वसन आणि रोजगार यांवर स्वतंत्र करार केला, त्यातही अशा समुपदेशकांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी देशांवर टाकलेली आहे.

जॉब कोच त्या मानाने अलीकडचा. त्याच्या येण्यामागे एक भांडण आहे. ‘आधी तयार करा, मग नोकरीला लावा’ हा जुना शिरस्ता होता. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे दिव्यांगांसाठीच चालवलेल्या वेगळ्या कार्यशाळेत, वर्षानुवर्षं ‘तयार’ होत राहायची आणि बाहेर पडायची वेळ काही यायची नाही. 1970 च्या दशकात मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकाने, ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असं मानलं जायचं अशा माणसांना 15 भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवून दाखवला. काम बारीक पायऱ्यांत फोडायचं आणि माणूस अडला तर दोष शिकवण्यात शोधायचा, ही त्याची रीत. पुढे क्रम उलटला: आधी खऱ्या नोकरीत लावा, शिकवणं तिथेच. 1986 मध्ये अमेरिकेच्या कायद्यात या ‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’ला जागा मिळाली. कामाच्या ठिकाणीच शिकवायचं ठरल्यावर तिथे उभा राहणारा माणूस लागणारच. तोच जॉब कोच.

त्याचा दिवस कसा जातो? समजा, मोठ्या रुग्णालयाच्या लिनन रूममध्ये एका तरुणाला चादरी घडी घालायचं काम मिळालंय. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. चांगला कोच आधी एक पाळी स्वतः ते काम करून बघतो. चादर उचलायची, डाग आहे का बघायचं, कोपरे जुळवायचे, तीन घड्या, दहाचा गठ्ठा, वॉर्डची चिठ्ठी, ट्रॉलीत. मग तरुणासोबत उभं राहिल्यावर लक्षात येतं की घड्या त्याला छान जमतात, गाडं अडतं ते दहा मोजताना. मध्येच कुणी बोललं की आकडा विसरतो आणि गठ्ठा कधी आठचा होतो, कधी बाराचा. ‘नीट लक्ष दे’ असं दहादा सांगून इथे काही होत नाही. कोच टेबलावर चिकटपट्टीने दहा चौकोन आखतो. प्रत्येक चौकोनात एक चादर, सगळे भरले की गठ्ठा बांधायचा. मोजणंच कामातून निघून गेलं.

अडल्यावर मदत करायलाही क्रम असतो. आधी थांबायचं. मग नुसतं बोट दाखवायचं. मग तोंडी सांगायचं, मग करून दाखवायचं, आणि हाताला धरून करवून घेणं अगदी शेवटी, तेही विचारून. पहिली पायरी सर्वांत अवघड, कारण समोरचा अडखळत असताना हात बांधून उभं राहणं भल्याभल्यांना जमत नाही. पहिल्या आठवड्यात कोच शेजारी असतो, मग दोन पावलं मागे, मग दाराशी, मग आठवड्यातून एकदा. सूचनाही हळूहळू त्याच्याऐवजी सुपरवायझरकडून यायला हव्यात. माझ्या मते कोच पारखायचा असेल तर एकच प्रश्न पुरतो: तुम्ही इथून कधी निघणार? त्याच्याकडे याचा आराखडा नसेल, तर तरुणाला नोकरी मिळालेली नाही, कोचला मिळालीय.

कोचला बहुधा मोठी पदवी लागत नाही. कुणी विशेष शिक्षणातून येतं, कुणी जे काम शिकवायचं त्याच धंद्यातून. त्यामुळे त्याला समुपदेशकाचा मदतनीस समजलं जातं आणि पगारही तसाच मिळतो. मला हे पटत नाही. लिनन रूममधली ती चिकटपट्टी कुठल्याही अहवालातून सुचली नसती.

(ऑक्युपेशनल थेरपिस्टही अनेकदा यात ओढला जातो. खुर्चीची उंची, अवजाराची मूठ, हाताची पकड ही त्याची बाजू. दोघंही त्याच्याकडे पाठवतात, पण तो या दोघांपैकी कुणी नव्हे.)

लहान संस्थांमध्ये एकच माणूस दोन्ही कामं करतो. त्यात वावगं काही नाही, पण एक धोका असतो. समुपदेशकाला बंद दाराआड सगळं कळलेलं असतं: निदान, औषधं, मागची नोकरी का सुटली. कोच मात्र सहकाऱ्यांच्या घोळक्यात उभा असतो, आणि चहाच्या वेळी कुणीतरी हळूच विचारतंच, ‘याला नक्की काय झालंय हो?’ तिथे उत्तर एकच, ‘त्यालाच विचारा, सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.’ दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असल्या की माहिती निसटते, तीही बहुधा चांगल्या हेतूने.

स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी ‘आयपीएस’ (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) नावाची पद्धत आहे, ती तर ही विभागणी मुद्दामच पुसते. तिच्यात नोकरी शोधणं, मालकाशी बोलणं आणि नंतर पाठीशी राहणं हे एकच रोजगार तज्ज्ञ करतो आणि तो उपचार करणाऱ्या टीमसोबत बसतो. एका तज्ज्ञाकडे जास्तीत जास्त 20 माणसं, असा तिचा दंडक आहे. म्हणून पाटीवरच्या पदनामापेक्षा समोरचा माणूस काय करणार हे विचारून घेतलेलं बरं.

खरी पडझड होते ती दोघांच्या मधल्या फटीत. अमेरिकेच्या सरकारी व्यवस्थेत माणूस किमान 90 दिवस नोकरीत टिकला की समुपदेशकाला फाइल यशस्वी म्हणून बंद करता येते. आता लिनन रूममध्ये सहाव्या महिन्यात सुपरवायझर बदलला आणि नव्या बाईंनी टेबल स्वच्छ करताना चिकटपट्टी काढून टाकली, तर? कागदोपत्री हे प्रकरण केव्हाच संपलंय. म्हणून नोकरी लागते त्याच आठवड्यात, पुढे अडचण आली तर फोन कुणाला करायचा हे लिहून घ्यावं, आणि तो नंबर त्या तरुणाकडे आणि सुपरवायझरकडे, दोघांकडेही असावा.

आणि त्या फोनवर कुणाला बोलवायचं तेही वेगवेगळं असतं. मशीन बदललं, पाळी बदलली, कामात नवी पायरी आली, सहकाऱ्यांशी खटके उडू लागले, तर कोच. आजार वाढला, हेच काम आता झेपेनासं झालं, बढती खुणावतेय, किंवा पाच वर्षं चादरी घडी घालून कंटाळा आलाय आणि दुसरंच काही करावंसं वाटतंय, तर समुपदेशक. हे शेवटचं कारण घेऊन आलेल्या दिव्यांग माणसाला पुष्कळदा ‘आहे ती टिकव’ म्हणून परत पाठवतात. ते ऐकून घ्यायची काही गरज नाही. कंटाळा आला म्हणून नोकरी बदलणारे इतर लोक कुणाची परवानगी काढत नाहीत.