लाइन : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार

लाइन : इंग्रजी भाषेतील नित्य वापराचा एक शब्द, नाम व क्रियापद अशा दोन्ही रूपांत तो चालतो. रेघ, ओळ, रांग, दोरी, तार, सीमा, लोहमार्ग, वंश, व्यवसाय, नटाच्या तोंडचे वाक्य असे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वाटणारे अर्थ या शब्दात एकत्र नांदतात. शब्दकोशात ते क्रमांक घालून एकाखाली एक दिलेले असतात आणि त्यामुळे ते सुटेसुटे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, अशी शिकणाऱ्याची समजूत होते. प्रत्यक्षात यांतील जवळजवळ सगळे अर्थ ताणून धरलेल्या दोऱ्यातून निघाले आहेत आणि तो दोरा हाती धरला, तर अवघड वाक्प्रचारही आपोआप उलगडत जातात.

लॅटिन भाषेत ‘लिनम’ म्हणजे जवस. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात जवस पेरतात ते मुख्यतः तेलासाठी. यूरोपात मात्र त्याच्या खोडातील वाखापासून सूत काढून लिननचे कापड विणण्याची परंपरा फार जुनी आहे. या वाखाच्या दोऱ्याला लॅटिनमध्ये ‘लिनिया’ म्हणत. हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी आला. जर्मानिक भाषांनी तो लॅटिनमधून फार पूर्वीच उचलला होता, त्यामुळे जुन्या इंग्रजीत दोर या अर्थाने तो होताच. पुढे 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्याचेच फ्रेंच रूप तेथे पोहोचले आणि दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळून गेले. लिनन, जवसाच्या बीला म्हणतात ते लिनसीड आणि जवसाच्या तेलापासून बनवले जाणारे जमिनीचे आच्छादन लिनोलियम, ही सगळी याच कुळातील नावे आहेत.

दोऱ्यापासून रेघेपर्यंतचा प्रवास गवंडी आणि सुतार यांच्या हातून झाला असे म्हणावे लागते, कारण भिंत सरळ उभी करायची किंवा फळी सरळ कापायची तर आधी दोरी ताणावी लागते. सरळ या अर्थाचा ‘स्ट्रेट’ हा इंग्रजी शब्दही मुळात ‘स्ट्रेच’ या क्रियापदाचे भूतकालवाचक विशेषण, म्हणजे ‘ताणलेला’; तेव्हा ‘स्ट्रेट लाइन’ या भूमितीतील संज्ञेचा मूळ अर्थ ताणलेला दोरा एवढाच होतो. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘सुतासारखा सरळ करणे’ या आपल्या वाक्प्रचारात तेच सूत ताणलेले आहे, सुतार या शब्दाचे नातेही सूत्राशीच आहे आणि संस्कृत ‘सूत्र’ धाग्यावरून नियमापर्यंत गेले, तसाच ‘लाइन’ हा शब्द दोरीवरून धोरणापर्यंत गेला. पक्षाच्या अधिकृत भूमिकेला ‘पार्टी लाइन’ म्हणतात ते त्यामुळेच.

रांग हा अर्थ सैन्याने आणि आरमाराने विशेष वाढवला. 25 ऑक्टोबर 1854 रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे लाल डगले घातलेल्या 93 व्या हायलँडर पलटणीने विरळ रांगेत उभे राहून रशियन घोडदळ थोपवले. त्यावरून चिवटपणे टिकून राहणाऱ्या मूठभर लोकांना ‘थिन रेड लाइन’ म्हणण्याचा प्रघात पडला. ‘होल्ड द लाइन’ म्हणजे फळी फुटू न देणे. छावणीत तंबूंच्या किंवा बराकींच्या रांगा असत, म्हणून त्या वस्तीलाच ‘लाइन्स’ म्हणू लागले. नागपुरातील सिव्हिल लाइन्स, गावोगावच्या पोलीस लाइनी आणि मुंबईचे मरीन लाइन्स ही नावे या प्रथेची देणगी आहेत. यांपैकी शेवटचे मरीन बटालियनच्या तेथील वसाहतीवरून पडले. समुद्रकिनाऱ्याच्या रेषेशी त्याचा संबंध जोडला जातो, पण तो बरोबर नाही.

समुद्रावर याच शब्दाने आणखी वळणे घेतली. ठरलेल्या मार्गावर नियमित जहाजे सोडणाऱ्या कंपनीला ‘लाइन’ आणि तिच्या जहाजाला ‘लाइनर’ म्हणत. आकाशात कोणतीही रेघ नसताना विमान कंपनीला एअरलाइन हे नाव मिळाले ते या जहाज कंपन्यांच्या वळणावर. खलाशांच्या बोलीत नुसते ‘द लाइन’ म्हटले की विषुववृत्त समजतात. त्यामुळे ‘क्रॉस द लाइन’ या शब्दांचा खलाशासाठी अर्थ वेगळा (विषुववृत्त प्रथमच ओलांडणाऱ्याची जहाजावर थट्टामस्करीची दीक्षा होते) आणि इतरांसाठी वेगळा, म्हणजे मर्यादा सोडणे. या दुसऱ्या अर्थाला मराठीत ‘लक्ष्मणरेषा ओलांडणे’ यापेक्षा नेमका प्रतिशब्द सापडणार नाही.

सीमा या अर्थाचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण ‘डेडलाइन’ हे आहे. आज प्रकल्प सादर करण्याच्या किंवा बातमी देण्याच्या अखेरच्या मुदतीला आपण सहज हा शब्द वापरतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथील बंदितळाच्या कुंपणाच्या आत काही अंतरावर लाकडी दांड्यांची एक हलकी सीमा घातलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या, किंवा तिला नुसता हात लावणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालू शकत. तिचे नाव ‘डेड लाइन’. युद्धानंतर त्या तळाच्या प्रमुखावर खटला चालला तेव्हा आरोपांमध्येही या सीमेचा उल्लेख होता. विसाव्या शतकात अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द मुदत या अर्थाने रूढ झाला आणि त्यातील मृत्यू विस्मरणात गेला.

याच गटातील ‘टो द लाइन’ याचा शब्दशः अर्थ आखलेल्या रेघेला पायाची बोटे भिडवून उभे राहणे आणि लाक्षणिक अर्थ मुकाट्याने आज्ञा पाळणे. इंग्रजी लिहिणारेही पुष्कळदा बोटाऐवजी ‘ओढणे’ या अर्थाचा समोच्चारी शब्द लिहून चूक करतात.

लेखनातील ओळ हा अर्थ मराठीला सर्वांत जवळचा. ‘ड्रॉप मी अ लाइन’ म्हणजे आपले ‘चार ओळी लिही’; ‘रीड बिटवीन द लाइन्स’ म्हणजे लिहिलेल्या ओळींतून न लिहिलेले ताडणे. ‘बॉटम लाइन’ ही हिशेबातील शेवटची ओळ, जिच्यात नफा की तोटा ते कळते, आणि म्हणून कोणत्याही गोष्टीचे अखेरचे तात्पर्य. ‘हुक, लाइन अँड सिंकर’ या वाक्प्रचारात मात्र मूळची दोरी जशीच्या तशी आहे: गळ, दोरी आणि शिसे यांसकट आमिष गिळणाऱ्या माशाप्रमाणे एखाद्याने थाप संपूर्ण खरी मानणे. वंश या अर्थाला समांतर असा आपला ‘वंशावळ’ शब्द आहे, कारण त्यातील ‘आवळ’ म्हणजे आवली, अर्थात ओळच.

तारायंत्र आणि दूरध्वनी आल्यावर दोरीची जागा तारेने घेतली आणि ‘होल्ड द लाइन’ला ‘फोन ठेवू नका’ हा दुसरा अर्थ चिकटला. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात 1963 मध्ये सुरू झालेली प्रसिद्ध ‘हॉटलाइन’ मात्र बोलण्याची नसून टंकलिखित संदेशांची होती. लोकांच्या रांगेला अमेरिकी माणूस ‘लाइन’ म्हणतो, तर ब्रिटिश माणूस ‘क्यू’ म्हणतो.

‘लाइन’ या क्रियापदाचा एक अर्थ सर्वांपेक्षा वेगळा पडतो. कोटाला आतून लिननचे कापड लावत, त्यावरून अस्तर लावणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि त्याचे नाम ‘लाइनिंग’. त्यामुळे ‘सिल्व्हर लाइनिंग’ म्हणजे काळ्या ढगाचे रुपेरी अस्तर. मराठीत आपण ‘रुपेरी किनार’ म्हणतो. ते कानाला गोड असले तरी काठ आणि अस्तर यांतील फरक त्यात पुसला जातो. ‘लाइन वन्स पॉकेट्स’ हा गैरमार्गाने खिसे भरण्याचा वाक्प्रचारही याच अस्तराचा.

मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी होऊन पुरता रुळला आहे. रेशनच्या दुकानासमोर लाइन लागते, मुंबईकर हार्बर लाइनवर राहतो, कुणी धंद्याची लाइन बदलतो, तरुण लाइन मारतात आणि ग्रामीण भागात विजेलाच लाइन म्हणतात, त्यामुळे रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी शेजाऱ्याला ‘लाइन आली का?’ असे विचारतो.