बिअर-अभिरुचीतील कालिक बदल

बिअर-अभिरुचीतील कालिक बदल : बिअर पिणाऱ्या व्यक्तीची निरनिराळ्या बिअर-शैलींविषयीची आवड-नावड वर्षांच्या ओघात पालटत जाण्याची प्रक्रिया. फिकी, कमी कडू लागर (थंड तापमानात आंबविलेली बिअर), मग पेल एल व इंडिया पेल एल (आयपीए) या उबदार तापमानात आंबविलेल्या, अधिक कडू बिअर, त्यानंतर भाजक्या चवीची काळी स्टाउट, तीव्र बार्लीवाइन किंवा आंबट बेल्जियन बिअर आणि पुष्कळदा शेवटी पुन्हा स्वच्छ चवीची लागर, असा तिचा क्रम सामान्यतः सांगितला जातो. हा क्रम सार्वत्रिक मानता येत नाही. तरीही अनेक देशांतील पिणाऱ्यांच्या अनुभवांत तो इतक्या वेळा आढळतो, की त्यामागे काही समान कारणे असावीत, असे बहुतेक अभ्यासक धरून चालतात.

अभिरुची बदलायची तर आधी निवडीला वाव असावा लागतो आणि तो वाव अलीकडचा आहे. पूर्वी माणूस जिथे राही, तिथलीच बिअर पीत असे. जर्मनीतील बाम्बेर्गच्या रहिवाशाला धुरकट राउखबिअर, ब्रुसेल्सच्या परिसरात आंबट लँबिक, तर बोहीमियातील पिल्झेनमध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने १८४२ मध्ये सिद्ध केलेली सोनेरी कडसर लागर हीच ‘बिअर’ होती. मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) या इंग्रज पत्रकाराने १९७७ मध्ये जगभरच्या बिअरचे शैलीवार विवेचन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ‘शैली’ ही कल्पना आजच्या अर्थाने रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. अमेरिकेत कॅस्केड या हॉप-वाणाचा (हॉप म्हणजे बिअरला कडूपणा व गंध देणारी वेल) प्रसार १९७२ च्या सुमारास सुरू झाला आणि कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पेल एल १९८० मध्ये आली. अगदी सौम्य लागरवर वाढलेल्या पिढीला तीव्र कडू बिअर अशा रीतीने प्रौढ वयात भेटली. ‘माझी रुची बदलली’ ही कथा प्रामुख्याने या पिढीची व तिच्यानंतरच्यांची आहे. हे ध्यानात न घेतल्यास व्यक्तीतील बदल आणि बाजारातील बदल यांची गल्लत होते.

कटुता व तिचे मापन : या विषयातील बहुतेक वाद बिअरच्या कडूपणाभोवती आहेत. शब्दाविषयी आधी एक खुलासा आवश्यक आहे. आयुर्वेदातील षड्रसांत ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू; मराठीत ‘कटु’पासून आलेला ‘कडू’ हा शब्द नेमका उलट अर्थी स्थिरावला आहे. प्रस्तुत नोंदीत कटुता हा शब्द मराठीतील चालू अर्थानेच योजला आहे. बिअरची कटुता मुख्यत्वे हॉप या वेलीच्या मादी फुलोऱ्यांतील लुप्युलिन ग्रंथींमधून येते. त्यांतील आल्फा अम्ले (ह्युम्युलोन, कोह्युम्युलोन इ.) स्वतः फारशी कडू नसतात, माल्टच्या (मोड आणून वाळविलेल्या धान्याच्या) काढ्याबरोबर ती उकळली, की त्यांचे समघटकीकरण (रेणूची रचना बदलणे) होऊन आयसो-आल्फा अम्ले बनतात आणि हीच खरी कडू. कटुतेचे आंतरराष्ट्रीय एकक (आयबीयू) ठरविण्यासाठी आम्लीकृत बिअरमधून आयसोऑक्टेनने निष्कर्षण करून २७५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशाचे शोषण मोजतात. एक एकक म्हणजे लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम आयसो-आल्फा अम्ल, असे समीकरण सांगतात, पण ते सैल आहे. किण्वनाच्या वेळी वा त्यानंतर थंड बिअरमध्ये हॉप घातले असता तयार झालेल्या द्रवात उतरणारी ह्युम्युलिनोने याच मापनात धरली जातात, मात्र त्यांची कटुता आयसो-आल्फा अम्लांच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. अमेरिकी हलक्या लागरमध्ये ८ ते १२, पिल्झेनच्या मूळ लागरमध्ये सुमारे ४० आणि अमेरिकी आयपीएमध्ये साधारणतः ४० ते ७० एकके आढळतात. शिल्लक राहिलेली शर्करा कडूपणा झाकते, म्हणून केवळ या आकड्यावरून कोणाची रुची कुठवर गेली, हे सांगता येत नाही.

ही कटुता साठत जाणारी असते. चाळीस एककांच्या पिल्सनरचा (पिल्झेन शैलीच्या लागरचा) पहिला घोट घेतला असता आधी फेस ओठांना लागतो, मग माल्टचा पावासारखा गोडवा जाणवतो आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा उगवतो. तो विरण्याआधी दुसरा घोट घेतला, तर तो आधीच्यावर चढतो. नवख्याला तिसऱ्या-चौथ्या घोटाशी बिअर नकोशी होते ती यामुळे. सरावलेल्या माणसाला नेमकी हीच रेंगाळणारी चव पुढच्या घोटाकडे ओढते.

अवसीमेचा प्रश्न : कटुतेची सवय का होते, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार संवेदनाच बोथट होते. कॅलिफोर्नियातील रशियन रिव्हर या मद्यनिर्माणीचे विनी सिलुर्झो यांनी २००५ च्या सुमारास ‘लुप्युलिन थ्रेशोल्ड शिफ्ट’ हा शब्दप्रयोग प्रचारात आणला. एके काळी अतिशय कडू वाटलेली बिअर पुढे साधारण वाटू लागते आणि तेवढ्याच समाधानासाठी अधिक हॉप लागतात, असा त्याचा आशय. १९९४ मध्ये ब्लाइंड पिग या मद्यनिर्माणीत दुहेरी (अधिक हॉप व मद्यार्काची) आयपीए काढणाऱ्या माणसाचे हे निरीक्षण असल्याने त्याला अनुभवाचे वजन आहे. परंतु मानसशास्त्रात ‘अवसीमा’ म्हणजे एखादे उद्दीपन जेमतेम जाणवू लागते तो उंबरठा. सिलुर्झो ज्या बदलाविषयी बोलतात, तो उंबरठ्याच्या पुष्कळ वरच्या पातळीवरील आहे. सरावलेल्या माणसाला बिअर कडू लागत नाही, असे नसून कडू लागूनही, किंबहुना कडू लागते म्हणूनच, ती आवडते. संवेदनेची तीव्रता आणि तिचे सुखद वा दुःखद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बदल प्रामुख्याने दुसरीत होतो, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पहिल्या मताला थोडा आधार लाळेच्या अभ्यासातून मिळतो. उंदरांना कडू पदार्थ असलेला आहार सतत दिल्यास लाळेतील काही प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि तो आहार ते अधिक स्वीकारू लागतात, असे दिसून आले आहे. बिअरमधील आयसो-आल्फा अम्लांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे मात्र घाईचे ठरेल.

आनुवंशिकतेचा दाखलाही वारंवार दिला जातो व तो बहुधा चुकीच्या ठिकाणी दिला जातो. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत फिनिलथायोकार्बमाइडची भुकटी उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना काहीच चव लागली नाही. हा फरक टीएएस२आर३८ या जनुकामुळे पडतो, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हापासून ‘मला कडू बिअर सोसत नाही, कारण माझी जीभ जन्मतःच अतिसंवेदनशील आहे’ असे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. तथापि मानवातील सुमारे २५ कटुता-ग्राहींपैकी (कडू चव टिपणाऱ्या प्रथिनांपैकी) हॉपच्या कडू संयुगांना टीएएस२आर१, टीएएस२आर१४ व टीएएस२आर४० हे तीनच प्रतिसाद देतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात आढळले. प्रसिद्धी पावलेला ३८ क्रमांकाचा ग्राही त्यांत नाही. शिवाय जनुके जन्मभर तीच राहतात. व्यक्ती-व्यक्तींमधील फरक ती कदाचित सांगू शकतील, पण एकाच व्यक्तीची रुची वीस वर्षांत का पालटली, हे त्यांच्यावरून उलगडत नाही.

शिकण्याच्या प्रक्रियेकडे मात्र पुरावे ठळकपणे बोट दाखवतात. केवळ वारंवार परिचयाने आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये मांडले. पॅट्रिशिया प्लाइनर यांनी १९८२ मध्ये अनोळखी फळांच्या रसांवर प्रयोग करून चवीच्या बाबतीतही ते दाखविले. पॉल रोझिन यांनी मिरचीच्या उदाहरणावरून, शरीर धोक्याचा इशारा देत असताना प्रत्यक्षात धोका नाही, हे कळल्याने त्या इशाऱ्यातच आनंद वाटू लागतो, असे प्रतिपादन केले. बिअरमध्ये मद्यार्काचा परिणाम, सोबत आणि प्रसंग यांचीही चवीशी सांगड बसते. मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, मीठ व हिंग यांच्याबरोबर वाटून केलेली गोळी लहान मूल तोंड वेडेवाकडे करून गिळते आणि मोठेपणी तेच माणूस ती मागून घेते. कारल्याची भाजी व मेथी यांचीही गोष्ट निराळी नाही.

इतर चवी : कटुतेइतका अभ्यास आंबट, धुरकट व भाजक्या चवींच्या आवडीचा झालेला नाही. लँबिकमधील घोड्याच्या खोगिरासारखा वास ब्रेटानोमायसीझ या यीस्टमुळे येतो. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये हे यीस्ट वेगळे ओळखले ते जुन्या इंग्लिश बिअरमधील इष्ट घटक म्हणून, तर इतरत्र तोच वास दोष ठरतो. बाम्बेर्गच्या श्लेंकेर्ला या पानगृहात नवख्या गिऱ्हाइकाला पहिल्या घोटाला चव विचित्र वाटली तरी थांबू नये, असे आवर्जून सांगण्याची प्रथा आहे. बीच या वृक्षाच्या लाकडाच्या धुरावर वाळविलेल्या माल्टचा हा धूर पहिल्या पेल्यात सगळी चव व्यापतो आणि दुसऱ्या पेल्यापर्यंत बराच मागे सरतो. त्यामागचा माल्ट तेव्हा कुठे जाणवू लागतो. गढूळ, फळांच्या रसासारख्या न्यू इंग्लंड आयपीएने क्रमच बदलला. व्हरमाँटमधील हेडी टॉपर ही तिची आद्य प्रतिनिधी मानली जाते. हॉपचा भरपूर गंध, पण बोचरी कटुता कमी, असे तिचे रूप असल्याने पुष्कळ नवे पिणारे कडूपणाची पायरी न चढताच थेट हॉपच्या गंधापाशी पोहोचले.

संख्यात्मक अभ्यास : स्टॅनफर्ड विद्यापीठातील ज्युलियन मॅकऑली व युरे लेस्कोव्हेक यांनी २०१३ मध्ये बिअरच्या लाखो परीक्षणांवरून नवखे व मुरलेले परीक्षक यांची तुलना केली. अनुभव वाढेल तसे परीक्षक तीव्र एलना अधिक गुण देतात व लागरना कमी, तसेच मुरलेल्यांचे गुण परस्परांशी अधिक जुळतात, असे त्यांना आढळले. ज्यांनी परीक्षणे लिहिणे लवकर सोडले, त्यांची वाटचाल मात्र सुरुवातीपासूनच वेगळी होती. म्हणजे मुरलेल्यांची एकवाक्यता काही अंशी चाळणीतून आली असावी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात (डॅनेस्कू-निकुलेस्कू-मिझिल व सहकारी) परीक्षक आरंभीच्या काळात समूहाची भाषा झपाट्याने उचलतात आणि पुढे तिथेच थांबतात, समूहाची भाषा मात्र पुढे सरकत राहते, असे दिसले. रुचीतील बदलाचा काही भाग शब्दसंग्रहातील बदल असू शकतो, ही शक्यता यामुळे गंभीरपणे घ्यावी लागते. अपेक्षेचा परिणामही मोठा आहे. ली, फ्रेडरिक व एरिएली यांनी २००६ मध्ये बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनिगरचे थेंब घालून दिले. हे आधी सांगितलेल्यांना ती नावडली. पिऊन झाल्यावर सांगितलेल्यांची पसंती फारशी ढळली नाही.

लागरकडे परतणे हा टप्पा सर्वांत कमी अभ्यासलेला आहे. एकाच चवीने येणारी तृप्ती, वाढत्या वयात मंदावणारी घ्राणशक्ती, कमी मद्यार्काची निकड ही कारणे पुढे केली जातात. यांखेरीज एक कारण अधिक लक्षणीय वाटते : उग्र चवींचा अनुभव घेतलेल्या माणसाला पिल्सनरमधील बारकावे दिसू लागतात. तो परततो ते सुरुवातीच्या सौम्य लागरकडे क्वचितच. बहुधा चाळीस एककांच्या बोहीमियन लागरकडे.

भारत : भारतात दीर्घकाळ ‘माइल्ड’ आणि ‘स्ट्राँग’ (५ टक्क्यांहून अधिक, ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क) अशी दोनच नावे गिऱ्हाइकाच्या तोंडी होती आणि दोन्ही बहुतांशी लागरच. निवड मद्यार्कावरून होई, शैलीवरून नव्हे. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली डूलाली ही महाराष्ट्रातील आद्य मायक्रोब्रुअरींपैकी (स्वतःची बिअर बनविणाऱ्या छोट्या मद्यनिर्माणींपैकी) एक. त्यानंतर पुणे, मुंबई व गोवा येथे नळावरची ताजी बिअर मिळू लागली. येथील नवख्याची पहिली पायरी आयपीएपेक्षा गव्हाची बिअर ही ठरली. २०१५ पासून बाटलीतही तशी बिअर सहज मिळू लागली. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने व संत्र्याची साल घालतात, कटुता अल्प असते.