तीन गेको आणि एक गरम कोपरा

माझी ताई जुळे सोलापुरात राहते, तिच्या पोरानं मागच्या डिसेंबरात तीन लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या पाळायच्या पाली, आणले. आणायला गेला होता एकच, पण दुकानदार म्हणाला एकटा ठेवला तर बोअर होतो, खात नाही, जोडी घे, आणि तिसरा स्वस्तात देतो. दोन फुटाची काचेची पेटी, एका टोकाला खाली तळहाताएवढी हीट मॅट, दडायला एक नारळाची करवंटी, झाला संसार. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत मला व्हॉट्सॅपवर फोटो आला, तिघं एकावर एक रचून झोपलेत, "मामा बघ की, किती प्रेमानं राहतात". मी कॉलेजात झूऑलॉजी शिकवतो त्यामुळं अशा मेसेजला नुसता अंगठा देऊन मला सोडता येत नाही.

तिघं ज्या जागेवर रचलेले होते ती बरोब्बर हीट मॅटच्या वरची जागा होती. पेटीत बाकी कुठंही ऊब नव्हती.

शाळेत आपण 'थंड रक्ताचे प्राणी' असं पाठ करतो आणि तिथंच घोळ होतो. रक्त थंड नसतं, उसनं गरम असतं. आपण भाकरी खाऊन आतल्या आत उष्णता तयार करतो, गेकोला ती बाहेरून, दगडातून जमिनीतून घ्यावी लागते. लेपर्ड गेकोला पोटाखाली ३१-३२ अंश मिळाले तर खाल्लेला रातकिडा नीट पचतो, त्यापेक्षा बरंच गार असेल तर पोटातली एन्झाइम्स (पचवणारी रसायनं) रेंगाळतात, किडा तसाच पडून राहतो, कधीकधी उलटून बाहेर येतो. आता तिघांत गरम जागा एकच असली की जो दांडगा आहे तो तिथं बसतो आणि उरलेले एकतर त्याच्यावर चढतात नाहीतर गार कोपऱ्यात जातात. भांडण दिसत नाही, रक्त येत नाही, तिघंही खाताना दिसतात. फक्त एकाला खाल्लेलं अंगी लागत नाही. हे बघायचं असेल तर शेपूट बघायची, कारण लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो, उंट मदारीत साठवतो तसं. ती बारीक होत गेली की समजायचं.

यावर भाच्याचा प्रश्न होता, आणि तो चांगला होता, की आपल्या ट्यूबलाइटपाशी चार पाली असतात त्या कशा राहतात? त्या एकत्र राहत नाहीत, एकाच हॉटेलात जेवायला येतात. जरा वेळ थांबून बघा, मोठी छोटीला पिटाळते. ती जी चुकचुक असते ती बऱ्याचदा दुसऱ्या पालीला असते, ही माझी हद्द आहे म्हणून, आपण मात्र बोलता बोलता पाल चुकचुकली म्हणजे बोलणं खरं ठरणार असं धरून बोटानं जमिनीवर टकटक करतो. आणि पाल कुठल्या खांद्यावर पडली तर काय फळ याची यादी पंचांगात छापून येते, पालीला पंचांग कुणी वाचून दाखवलं देव जाणे. असो. शिवाय भिंतीवरच्या पिटाळलेल्या पालीला शेजारच्या खोलीत जाता येतं. रानातसुद्धा एका फटीत दोनतीन लेपर्ड गेको सापडतात, पण तिथं पटलं नाही तर निघून जायला आख्खं माळरान असतं. पेटीला काच असते, आणि लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्याच नसतात, तो काचेवर चढूही शकत नाही. (त्याला हलणाऱ्या पापण्या असतात, आपली घरातली पाल डोळा मिटूच शकत नाही, जिभेनं पुसते.)

बरं, दांडगा कोण होणार हे कशावर ठरतं? इथं माझा सगळ्यात आवडता विषय येतो.

माणसात मुलगा की मुलगी हे एक्स-वाय गुणसूत्रांवर ठरतं. लेपर्ड गेकोत अंडं किती तापमानाला उबलं त्यावर ठरतं. सरड्यांमधली ही भानगड पहिल्यांदा १९६६ साली माडलेन शार्निए या फ्रेंच बाईंनी सेनेगलमधल्या डाकारमध्ये अगामा सरड्याच्या अंड्यांवर पाहिली, आणि कोकणात वेळासला आपण जी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला जातो त्यांचंही तसंच, वाळू जास्त तापली की माद्या जास्त. लेपर्ड गेकोत मात्र गंमत अशी की आलेख सरळ नाही, डोंगरासारखा आहे. २६ अंशाला जवळजवळ सगळ्या माद्या, ३० च्या आसपास माद्या जास्त पण काही नर, ३२.५ ला बहुतेक नर, आणि ३४-३५ ला पुन्हा बहुतेक माद्या!

आतली यंत्रणा साधारण अशी. अंडं उबण्याच्या मधल्या काळात भ्रूणाची जननग्रंथी अजून ठरलेली नसते, तिच्यापुढं वृषण आणि अंडाशय असे दोन्ही रस्ते मोकळे असतात. अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं (नराच्या हार्मोनचं) इस्ट्रोजेन (मादीचं हार्मोन) करतं, तापमानाप्रमाणं काही जीन चालू-बंद होतात, त्यात अरोमाटेजचं पारडं जड झालं की इस्ट्रोजेन वाढून अंडाशय बनतं, नाहीतर वृषण. कासवांत तर नराच्या तापमानाला ठेवलेल्या अंड्यावर बाहेरून इस्ट्रोजेन लावलं तरी मादी निघते. पण तापमान ग्रंथीपाशी थांबत नाही, मेंदूपर्यंत जातं, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या खालच्या भागातल्या काही जागांचा आकार आणि त्यांचा चयापचय अंड्याच्या तापमानानुसार वेगळा सापडलाय. हे काम टेक्सासमधल्या डेव्हिड क्रूज यांच्या लॅबचं. १९८८ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा पेपर आला की जास्त गरम अंड्यातल्या माद्या मोठ्या झाल्यावर नरासारख्या अंगावर धावतात, आणि पुढच्या कामात ३२.५ च्या माद्यासुद्धा २६ च्या माद्यांपेक्षा भांडखोर निघाल्या. आई एक, बाप एक, इन्क्युबेटरचं बटन वेगळं. इथपर्यंत आल्यावर भाचा फोनवर जांभया देत होता, मला ऐकू येत होतं, पण मी थांबलो नाही.

कारण मुद्दा हाच आहे. दुकानदार म्हणतो "दोन माद्या आहेत, भांडत नाहीत", तर त्या माद्या किती अंशाच्या आहेत हे त्याला माहीत आहे का? आणि पिल्लू लहान असताना नर-मादी ओळखणंच अवघड. पुढं नराच्या मांड्यांमध्ये मेणचट छिद्रांची उलट्या व्ही सारखी रांग ठळक दिसते, तेव्हा कळतं की दोन 'माद्यां'पैकी एक नर आहे, आणि दोन नर निघाले तर मग चावाचावी ठरलेली.

अजून एक. नर समोरच्याला जिभेनं चाटून ओळखतो, मादीच्या कातडीवरच्या स्निग्ध पदार्थांवरून. मादी कात टाकत असताना ती खूण हरवते, तर नर त्याच मादीवर हल्ला करतो, आणि कात पूर्ण निघाली की पुन्हा लाडीगोडी. म्हणजे महिनोन्‌महिने गुण्यागोविंदानं राहणारी जोडी एका रात्रीत शेपूट तोडून बसते ती अशी. तुटलेली शेपूट परत येते, पण आत मणके नसतात, कूर्चेची दांडी असते, आणि साठवलेली चरबी गेली ती गेलीच.

मग सोलापूरचा मे आला. बाहेर ४३, स्लॅबखालच्या खोलीत ३८, लाइट गेलेली. हीट मॅट केव्हाच काढून ठेवलेली, आता सगळं उलटं झालं, गरम कोपरा कुणालाच नको, आत नारळाचा ओला काथ्या घातलेली गार करवंटी सगळ्यांना हवी. करवंटी एक, तोच दांडगा आत, बाकी दोघं बाहेर तोंड उघडून. दुकानात कुणी सांगत नाही की आपल्याकडं वर्षातून दोनदा भांडणाचं कारण बदलतं.

ताईच्या किचनमधल्या काट्यावर वजन केलं तेव्हा दोघं पन्नासच्या पुढं आणि तिसरा ३१ ग्रॅम, शेपूट पेन्सिलीसारखी. (आपल्या माळावर दिसणारी भुरकट बिबट्या पाल, या गेकोची रानातली भाऊबंद, उचलून घरी आणणं हा धंदा करू नका, वन्यजीव कायदा आहे. विषारी म्हणून तिला दगडही मारू नका, तिला विष नाही.)

आता तीन पेट्या आहेत, प्रत्येकीत एक गरम टोक, एक गार टोक, दोन करवंट्या. तिसऱ्याचं वजन तीन आठवड्यांत ३८ वर आलं. लाइटबिलावरून घरात रोज चर्चा चालते आणि ताईनं किचनसाठी नवा काटा मागवलाय, जुन्यावर पाली बसल्या म्हणून. मी शुभ-अशुभावर तिला चार वाक्यं ऐकवायला गेलो तर म्हणाली शुभ-अशुभ राहू दे, पालीच्या अंगावर साल्मोनेलाचे, पोट बिघडवणारे जंतू असतात म्हणून तूच सांगितलंस ना.